थेक्लाला सगळी उत्तरं येत होती

उत्तर जर्मनीत, आमच्या फेनरोडेच्या वेड्यांच्या दवाखान्यात फाटकातून शिरलं की डाव्या हाताला प्रोफेसर लोहाउस यांचा अर्धपुतळा आहे. खाली कोरलंय, ‘यांनी दारे उघडली.’ दर वर्षी कोणी ना कोणी मोठी माणसं येतात, पुष्पचक्र ठेवतात, भाषणं करतात आणि कॉफी-केक खाऊन घरी जातात. हिवाळ्यात गावातली पोरं त्या पुतळ्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवतात. भाषणांपेक्षा मला ती टोपी बरी वाटते.

खोटं बोलणार नाही, दारं त्यांनी उघडली होती. माझ्या आईची धाकटी बहीण, बेर्टा मावशी, त्यांच्या आधीच्या डॉक्टरांच्या काळात आत होती. तेव्हा जो आरडाओरडा करील त्याला कोमट पाण्याच्या टबात बसवून वरून ताडपत्री आवळायचे. डोकं तेवढं बाहेर. सकाळी बसवलेला माणूस अंधार पडल्यावर बाहेर काढायचे. लोहाउस आले आणि त्यांनी त्या ताडपत्र्या अंगणात जाळल्या. पेशंटांना कोंडायचे जाळीबंद पलंग मोडले, खिडक्यांचे गज काढले. माणूस कितीही बिघडलेला असो, त्याच्या हाताला काम द्या, ते त्याला परत आणतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बेर्टा मावशीच्या हातात खुरपं दिलं. ती बरी होऊन घरी आली आणि पुढे मरेपर्यंत आम्हा पोरांना करवंदासारख्या रानफळांचा मुरंबा खाऊ घालत राहिली. आमच्या घरी मेरीमातेच्या तसबिरीशेजारी लोहाउस यांचा फोटो होता. हॉलंडहून, स्वीडनहून डॉक्टर त्यांचं काम बघायला यायचे आणि वेडे लोक बटाटे काढताना पाहून तोंडात बोट घालायचे.

हे सगळं मान्य. आता थेक्लाचं ऐका.

थेक्ला पलीकडच्या दलदलीतली. दलदलीतली काळी माती कापायची, तिच्या विटा वाळवायच्या आणि जळण म्हणून विकायच्या, हा तिच्या लोकांचा धंदा. बाप होता, पण तो घरात कमी आणि गुत्त्यात जास्त. मोठी बहीण आल्मुट लग्न होऊन गेलेली. थेक्ला शाळेतून सुटली तशी ब्रोर्मान नावाच्या बड्या शेतकऱ्याकडे मोलकरीण म्हणून लागली.

आमच्याकडच्या मोठ्या शेतांवर तेव्हा एक रीत होती. नवी मोलकरीण पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवायला बसली की गड्यांचा म्होरक्या चमचा खाली ठेवायचा, पाद्रीबाबासारखा गंभीर चेहरा करायचा आणि विचारायचा, ‘काय गं, गाईला पाय किती?’ नाहीतर, ‘बुधवारनंतर कोणता वार येतो?’ बाकीचे गडीही तसेच दगडासारखे बसायचे. जी भाबडी पोरगी ‘चार’ म्हणेल तिचं वर्ष संपलं. सगळं टेबल हंबरायला लागायचं आणि पुढचा मे महिना येऊन नोकरी बदलेपर्यंत तिचं नाव ‘चारपायी’. शहाणी पोरगी मान खाली घालायची, ओठात हसायची आणि समोरचं धिरडं गिळायची. दलदलीतल्या आया लेकीला कामाला धाडताना बजावून ठेवायच्या, ‘ज्याला उत्तर ठाऊक आहे तोच विचारत असेल, तर त्याला तुझं उत्तर नकोय, तुझी फजिती हवीय. गप बस.’

थेक्ला गप बसली, हसली. म्होरक्याने मान डोलावली आणि तिच्या ताटात चरबीचा एक जास्तीचा तुकडा टाकला. पोरगी पास.

पहिल्याच हिवाळ्यात तिची आई गेली. थेक्ला खाईना, बोलेना. गोठ्यात गाईच्या पोटाला टेकून तासन्‌तास बसायची. ब्रोर्मानबाईंना मोलकरीण कामासाठी हवी होती, गाईला टेकण्यासाठी नव्हे. त्यांनी तिला गाडीत घातलं आणि फेनरोडेला आणून सोडलं.

लोहाउस यांनी तिला पाहिलं आणि सांगितलं, हिला औषध नको, हिचे हात गुंतवा. तिला धुलाईघरात धाडलं. तिथे मी नुकतीच पगारावर लागले होते, वयाने तिच्याहून थोडी लहान. पहिले दिवस ती चादरीसारखीच पांढरी होती. वसंत येईपर्यंत ती वाफेतून गाणी म्हणायला लागली, आणि गाणीही अशी की मुकादमीण बाई कानावर हात ठेवायची. बरी झाली. लोहाउस यांनीच बरी केली, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

मग घरी जायची वेळ आली, आणि तिथेच घोडं अडलं.

नाझींचा कायदा तेव्हा नवा होता. पिढीजात दोष असलेल्यांना मूल होऊ द्यायचं नाही, त्यांची नस कापायची. दवाखान्यातून सुटणाऱ्या प्रत्येकाला आधी तपासायचं. लोहाउस पक्षाचे नव्हते, त्यांनी कधी बिल्ला लावला नाही, हे त्यांचे भक्त अजून छाती ठोकून सांगतात. बिल्ला लावायची त्यांना गरजच नव्हती. त्या कायद्याला ते उशिरा सुचलेलं शहाणपण समजत होते. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं, फक्त ते ऑपरेशनच्या खोलीतून जात होतं.

थेक्लाला त्यांच्या खोलीत बोलावलं. लोहाउस टेबलामागे, त्यांच्या मागे दोन तरुण डॉक्टर हाताची घडी घालून, तोंडावरची माशी हलू न देता उभे. लोहाउस यांनी टाक खाली ठेवला, गंभीर चेहरा केला आणि विचारलं, वर्षाला महिने किती?

थेक्लाने मान खाली घातली आणि ओठात हसली.

फ्रान्सची राजधानी कोणती? शहरात घरं खेड्यापेक्षा उंच का बांधतात? थेक्ला आणखी हसली. एवढा मोठा माणूस, दाढी पांढरी होत आलेली, त्याला वर्षाचे महिने ठाऊक नाहीत होय? ते सभ्य होते, त्यांनी घाई केली नाही. मऊ आवाजात पुन्हा विचारलं, धीर दिला, वेळ दिला. ते जसजसे गोंजारत गेले तसतशी तिची खात्री पटत गेली की सापळा मोठा आहे. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. थेक्ला बाहेर आली ती खूष होऊन. मला म्हणाली, ‘पास झाले बघ.’

मग प्रकरण त्या कायद्यासाठीच काढलेल्या कोर्टात गेलं. तिथे तीन माणसं होती. तिचं काम चालायला, मी सांगते, एक धिरडं भाजायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. जन्मजात मंदबुद्धी. प्रश्नांना केवळ निरर्थक हसू. ऑपरेशनला नेताना तिला सांगितलं की आतड्याचा भाग सुजलाय. खरं काय ते तिला टाके काढणाऱ्या नर्सने सांगितलं, तेही दुसऱ्या पेशंटशी बोलता बोलता.

आणि मग दवाखान्याने तिला पगारावर ठेवून घेतलं. कारण तिच्यासारखी कडक कॉलर कुणाला जमत नव्हती. प्रोफेसर लोहाउस यांचे सगळे शर्ट तिच्याच टेबलावर यायचे. वर्षाचे महिने न येणाऱ्या बाईच्या हातात ही माणसं रोज सकाळी आपली मान देत होती. लाज कशी वाटली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

लढाई आली, गेली. इंग्रज आले, त्यांनी नाझींची कोर्टं बंद केली. थेक्लाने विल्म ब्रुन्सशी लग्न केलं. विल्मही दलदलीतलाच, रशियातल्या कैदेतून परत आलेला, एक हात कोपरात न वळणारा, आणि तोंड असं की त्यापुढे कुऱ्हाड बोथट. लग्नाआधी तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘मला एक हात अर्धा आहे, तुला पोट अर्धं आहे. दोघांत मिळून एक माणूस बरा होईल.’ ती त्याच्यावर रागावली, आणि त्याच्याशीच लग्न केलं.

तिची बहीण आल्मुट लढाईतच विधवा झाली होती. पुढे काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने तीही गेली. मागे राहिली गेसिना, नुकती शाळेत जायला लागलेली, दोन पिवळ्या वेण्या आणि पुढचे दात पडलेले. आल्मुटने मरण्याआधी थेक्लाचा हात धरून सांगितलं होतं, पोरीला तू घे. थेक्लाने खोलीत छोटा पलंग आणून ठेवला. विल्मने त्या अर्ध्या हाताने त्याला निळा रंग दिला.

बालकल्याण खात्यातली बाई आली. पलंग बघितला, खिडक्या बघितल्या, चहा प्यायली आणि म्हणाली, घर छान आहे पण पोरगी मिळणार नाही. तुमच्यावर जुना निकाल आहे, जन्मजात मंदबुद्धी. निकाल रद्द झालेला नाही. मंदबुद्धी बाईच्या हाती सरकार मूल कसं देणार?

विल्मने विचारलं, निकाल देणारं सरकार तर मेलं ना? बाई म्हणाली, सरकार मरतं, निकाल मरत नाही. एवढं खरं बोललेली ती खात्यातली एकटीच.

गेसिनाला शेजारच्या गावात नन्सच्या अनाथाश्रमात ठेवलं. दर रविवारी थेक्ला सायकलवरून जायची. पोरगी फाटकाशी उभी असायची आणि पहिला प्रश्न एकच, ‘मावशी, आज न्यायला आलीस?’ थेक्ला म्हणायची, पुढच्या वेळी. किती रविवार ‘पुढच्या वेळी’ म्हणायचं?

माझं तेव्हा कामगार संघटनेत येणंजाणं होतं. तिथे कळलं की इंग्रजांनी एक वाट ठेवलीय. जुना निकाल पुन्हा तपासायचा अर्ज कोर्टात करता येतो. आम्ही अर्ज केला. कोर्टाने तो घेतला आणि कळवलं की तज्ज्ञाचं मत मागवण्यात येत आहे. तज्ज्ञ म्हणजे या जिल्ह्यातला सगळ्यात नामांकित मनोविकारतज्ज्ञ, निवृत्त, सन्मानित प्रोफेसर लोहाउस.

ज्याने कुऱ्हाड चालवली त्यालाच विचारायचं की झाड बरोबर तोडलं होतं ना. मी कोर्टाच्या कारकुनाला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, यांच्याइतका जाणकार दुसरा आहे कोण?

त्या आठवड्यात आम्ही थेक्ला-विल्मच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. विल्मने विचारलं की मागच्या वेळी तू गप्प का बसलीस, ते तरी सांग. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी पण नाही. तिने ब्रोर्मानच्या टेबलाचं सांगितलं, गाईच्या पायांचं सांगितलं.

विल्म आधी इतका हसला की त्याला ठसका लागला. ‘अगं, तू प्रोफेसरला गड्यांचा म्होरक्या समजलीस?’

‘मग काय समजू? चेहरा तसाच केला होता. आणि मागे ते दोघे उभे, दगड.’

‘आणि मान डोलावली तेव्हा?’

‘तेव्हा वाटलं, आता चरबीचा तुकडा देणार.’

विल्मचं हसू मध्येच थांबलं.

मग त्यानेच ठरवलं की या वेळी उत्तरं द्यायची. सगळी. शेजाऱ्यांच्या पोरांची शाळेची पुस्तकं आणली. थेक्ला इस्त्री करताना पाठ करायची, भांडी घासताना पाठ करायची. धुलाईघरात वाफेतून आता गाण्यांऐवजी नद्यांची नावं यायला लागली. रोज जेवण झालं की विल्म प्रोफेसर व्हायचा, गळ्याला टॉवेल गुंडाळायचा आणि प्रश्न टाकायचा.

‘शहरात घरं खेड्यापेक्षा उंच का बांधतात?’

थेक्लाने थोडा विचार केला. ‘शहरातल्या माणसांना शेजाऱ्याच्या पातेल्यात काय शिजतंय ते बघावं लागू नये म्हणून. आमच्याकडे बघितलं की वाढावं लागतं.’

मला ते उत्तर फार आवडलं. विल्मने टेबलावर हात आपटला. ‘हे असलं काही बोलायचं नाही. कोर्टात स्वतःचं डोकं चालवलंस की मेलीस. पुस्तकात आहे ते बोल. जमीन महाग, म्हणून.’

‘पण ते तर त्यालाही ठाऊक आहे.’

‘तेच तर त्याला ऐकायचंय, बाई माझे.’

ती शिकली. पुस्तकी जर्मन, आमची दलदलीची बोली नाही. शब्दाला शब्द लागलेला, मध्ये सुई शिरणार नाही असं. स्पेलिंगपासून राजधान्यांपर्यंत, तिला मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी अडली नसती.

सुनावणीच्या दिवशी तिने आपला काळा पोशाख घातला. कोर्ट बाजारचौकात, बचत बँकेच्या वर. न्यायाधीश तेरहोर्स्ट, तरुण, सर्दीने बेजार. मी आणि विल्म मागच्या बाकावर. प्रोफेसर लोहाउस काठी टेकत आले, आता पार पिकलेले, आणि तिला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

‘अरे, ही तर आपली थेक्ला! माझ्या कॉलरी अजून तूच करतेस ना?’ गळ्याभोवती तिनेच इस्त्री केलेली कॉलर होती. न्यायाधीश हसले, कारकून हसला. थेक्लाही हसली, आणि लगेच तोंड मिटलं, कारण विल्मने बजावलं होतं, हसायचं नाही.

ते विचारत गेले, ती सांगत गेली. महिने, राजधानी, नद्या. प्रश्न संपायच्या आत उत्तर. मला बाकावर बसवेना, टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मग उंच घरांचा प्रश्न आला.

‘शहरामध्ये जमीन महाग व अपुरी असल्यामुळे तेथे बहुमजली इमारती बांधण्यात येतात,’ थेक्ला म्हणाली.

प्रोफेसर थांबले. चष्म्यावरून बघितलं. ‘बरं. आणि तुला स्वतःला काय वाटतं?’

तिने मान वळवून विल्मकडे बघितलं. विल्मने डोळे मोठे केले. ती परत वळली आणि म्हणाली, ‘शहरामध्ये जमीन महाग व अपुरी असल्यामुळे.’

त्यांनी तोच प्रश्न फिरवून विचारला. तिने तेच वाक्य सांगितलं. त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली. तोच मऊ आवाज, तोच धीर. मग टाक खाली ठेवून म्हणाले, आता पुस्तकात नसलेलं सांग थेक्ला, हे मूल तुला कशासाठी हवंय?

याचं पाठांतर झालेलं नव्हतं.

‘ती माझ्या बहिणीची आहे,’ थेक्ला म्हणाली.

‘ते नातं झालं. मी कारण विचारतोय.’

तेव्हा तिचं पुस्तकी जर्मन गळून पडलं. तिने आपल्या बोलीत, धुलाईघरात बोलते त्या आवाजात विचारलं, ‘तुम्हाला मुलं आहेत ना, प्रोफेसरसाहेब? किती तरी वर्षं त्यांचे शर्ट मी केलेत. ती जन्मली तेव्हा तुम्हाला कुणी कारण विचारलं होतं?’

न्यायाधीशांनी रुमाल नाकाला लावला. प्रोफेसर रागावले नाहीत, ते कधीच रागावत नसत. त्यांनी दुःखाने मान हलवली आणि न्यायाधीशांना म्हणाले, ‘बघा. विषय धरवत नाही, लगेच प्रक्षोभ होतो.’

त्यावर मी उठून जे बोलले ते इथे लिहीत नाही, छापणाऱ्याला त्रास होईल. मला बाहेर काढलं. पाठोपाठ विल्मलाही.

निकाल आला. पाठांतर चांगले, परंतु स्वतंत्र निर्णयशक्तीचा अभाव. शिकवलेले बोलते, स्वतःचे विचारल्यास गोंधळते किंवा उसळते. मूळ निर्णयात बदल करण्याचे कारण नाही. विल्मने तो कागद वाचला, मग गळ्याभोवती गुंडाळायचा टॉवेल खुंटीवरून काढला आणि चुलीत घातला. त्या घरात पुन्हा कुणी कुणाला प्रश्न विचारायचा खेळ केला नाही.

काही दिवसांनी लोहाउस स्वतः धुलाईघरात आले. अख्ख्या दवाखान्यात हाताखालच्या माणसाशी असं येऊन बोलणारे तेच एक. थेक्लाच्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘मनाला लावून घेऊ नकोस. तू गुणी बाई आहेस, कामाची आहेस. पण मूल म्हणजे कॉलर नव्हे गं.’ थेक्लाने इस्त्री शेगडीवर ठेवली आणि आम्ही सगळ्या बघत असताना पाठ फिरवून भिजवणीच्या हौदाकडे गेली. मुकादमिणीला सांगितलं, इस्त्री मी सोडली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती मळलेल्या, रक्ता-घाणीच्या चादरी उपसत राहिली. पगार कमी, हात कायम फुटलेले. प्रोफेसरांच्या कॉलरी माझ्याकडे आल्या. मी त्या मुद्दाम वाकड्या करायचे. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

गेसिनाला दक्षिणेकडच्या एका कुटुंबात दिलं, पार वुर्झबुर्गच्या पलीकडे. थेक्ला रविवारी गेली तेव्हा फाटकाशी पोरगी नव्हती, सिस्टर होती. म्हणाली, कालच नेलं तिला, चांगले लोक आहेत, नावही नवीन देणार आहेत. थेक्लाने विणलेला लाल स्वेटर सायकलच्या टोपलीत होता. तो देता येईल का, विचारलं. सिस्टर म्हणाली, तिथे तिला सगळं नवीनच घेणार आहेत. आणि आता येऊ नका, पोरीचं मन दोन ठिकाणी राहतं.

‘काही म्हणाली का ती?’ थेक्लाने विचारलं.

सिस्टर खोटं बोलू शकली असती. तिने सांगितलं, ‘विचारत होती, मावशीला माहीत आहे का?’

लोहाउस वारले तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं. पुतळा बसला, रस्त्याला नाव दिलं. आम्ही काही जणींनी पुढे संघटना काढली, निषेध केले, पुतळ्याच्या पायाशी रंग सांडल्याबद्दल माझ्यावर खटलाही झाला. फार वर्षांनी तिकडे बॉनच्या संसदेत लोकप्रतिनिधींनी हात वर करून ठरवलं की तो कायदा अन्यायाचा होता. मी धावत थेक्लाकडे गेले, तोवर ती एकटी उरली होती, विल्म जाऊन बरेच दिवस झाले होते. बातमी ऐकून म्हणाली, ‘हे ते कुणाला सांगतायत? मला तर ठाऊकच होतं.’ आणि शेंगा सोलत राहिली.

पण हे मी पुढचं आधी सांगितलं. त्याच्या खूप आधी, विल्म असतानाच, एकदा गेसिना आली होती.

मी तेव्हा त्यांच्याच घरी होते. दारात गाडी थांबली, उंच, गोरी, शहरी कोट घातलेली बाई उतरली, बरोबर नवरा आणि कडेवर लहानगी लेक. थेक्लाने तिला ओळखलं, कारण चालणं आल्मुटचं होतं. ती दारातच उभी राहिली, मिठी मारू की नको अशी. गेसिनाने हात पुढे केला, हस्तांदोलनासाठी. बोली गेली होती, दक्षिणेकडची लय आली होती आणि मावशीला ‘तुम्ही’ म्हणत होती.

थेक्लाने चांगल्या कपांत चहा ओतला, वर साय सोडली. नवरा आमच्याकडच्या रीतीने चहा न ढवळता कसा प्यायचा असतो ते विचारत होता, विल्म त्याला शिकवत होता, थोडं हसणंही झालं. मग गेसिनाने कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘मावशी, तुम्ही मला न्यायला का आला नाहीत?’

विल्म बोलायला लागला. निकाल, अर्ज, कोर्ट, प्रोफेसर, पुस्तकं, सगळं. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, टेबलावर हात आपटला, कपातला चहा बशीत सांडला. गेसिना ऐकत होती, मान हलवत होती. ती मान हलवणं मी ओळखलं. दवाखान्यात पेशंट बोलतात तेव्हा नवे डॉक्टर तशीच मान हलवतात, समजुतीने, एक शब्दही खरा न मानता.

‘हो,’ ती म्हणाली. ‘आई-बाबांनी मला सांगितलं होतं, की तुम्ही आजारी होतात. मी कधी मनात राग ठेवला नाही.’

विल्म उठून बाहेर गेला.

तेवढ्यात बाळ आईच्या मांडीवरून पुढे झेपावलं, टेबलापलीकडे, थेक्लाच्या पांढऱ्या केसांकडे. हसत होतं, हिरड्या दिसत होत्या. थेक्लाचे हात आपोआप पुढे झाले. ओल्या चादरींच्या टोपल्या आयुष्यभर उचललेले हात.

गेसिनाने बाळ मागे घेतलं. घाईने नाही, उद्धटपणे तर मुळीच नाही. आवाज मऊ होता, धीर देणारा.

‘राहू दे मावशी. ती फार जड आहे.’

‘हो,’ थेक्ला म्हणाली. ‘दिसतेच आहे जड.’ आणि हात एप्रनखाली घेऊन बसली.